मुंबईतला रीफ टँक, दुसऱ्यांदा : ८० लिटरच्या कामाच्या नोंदी

रीफ टँक म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय. हा टँक ६० × ४५ × ४० सेंमी, ८ मिमी काच, मागे १० सेंमीचा फिल्टर कप्पा. दगड-वाळू वगळून प्रत्यक्ष पाणी सुमारे ८० लिटर. पुढची सगळी प्रमाणं याच ८० लिटरवर काढलेली आहेत.

३१ मे

पहिला टँक उपसण्याआधी सगळी मापं लिहून ठेवली. एकदा पाणी गेलं की पुरावाही जातो. दुपारचं तापमान ३२.६ अंश, खारेपणा ३९ पीपीटी (हजार भागांत ३९ भाग क्षार), पीएच ७.७, नायट्रेट ५० पीपीएमच्या (दशलक्षात ५० भागांच्या) वर. दगडाचा तुकडा आरओच्या पाण्यात ठेवून त्यात थोडं सायट्रिक ऍसिड टाकलं, तासाभराने ते पाणी कॉपर किटने तपासलं. रंग आला.

कोळंबी आणि गोगलगायी तांब्यानेच गेल्या. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं तांबंयुक्त औषध मुख्य टँकमध्ये टाकलं होतं. कॅल्शियम कार्बोनेटचे दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात, त्यामुळे औषध बंद केल्यावरही अपृष्ठवंशी प्राणी एकेक करून मरत राहिले. मासे आणि झोअँथिड (गुच्छात वाढणारे, मऊ, प्रवाळासारखे प्राणी) मात्र मेच्या उकाड्यात आणि वाढलेल्या खारेपणात गेले. दोन वेगळी कारणं, म्हणून उपायही दोन.

दगड आणि वाळू टाकून द्यायची. काच, पंप, लाइट ठेवायचा.

झोअँथिड असलेला दगड उकळू नये, कोरडा घासू नये. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असतं. वाफेतून किंवा उडालेल्या थेंबातून ते शरीरात गेलं तर थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. हातमोजे आणि चष्मा घालून, ओला असतानाच दगड जाड पिशवीत बांधला.

२ जून

पंप आणि स्किमर (हवेच्या फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) उघडून अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर अशा मिश्रणात रात्रभर ठेवले. इम्पेलरच्या शाफ्टवरचा पांढरा थर सुटला, पंपाचा घरघर आवाज गेला. काचेवरचा थर सायट्रिक ऍसिडने काढला. ब्लीचने धुवायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, मधे भरपूर पाण्याने खळबळून. ऍसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

काच आतून पुसायच्या मॅग्नेट क्लिनरला बारीक चीर होती, आत गंज. फेकला. गंजलेलं चुंबक खाऱ्या पाण्यात राहता कामा नये.

६ जून

दगडाचा प्रश्न. बाजारात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून काढलेला, जीव असलेला खडक मिळतो त्याच्या वाटेला जायचं नाही. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, समुद्रघोडेही. दुकानदार ‘सगळेच ठेवतात’ म्हणाला तरी कायदा बदलत नाही, आणि खडकावरून तोडलेला प्रवाळ परत जोडता येत नाही. म्हणून दगड घरी बनवायचे आणि टँकमध्ये प्रवाळांपैकी फक्त झोअँथिड आणि मशरूम (कठीण सांगाडा नसलेले, छत्रीसारखे प्रवाळ) ठेवायचे.

पहिला घाणा : पांढरा सिमेंट १ भाग, शिंपल्यांचा चुरा १ भाग, खडे मीठ ४ भाग. चुरा कोंबडीखाद्याच्या दुकानातून, चांगला धुऊन. मीठ विरघळलं की त्या जागी भोकं पडतात आणि जिवाणूंना घर मिळतं, असा हिशेब.

११ जून

घाणा फसला. दोन दिवसांनी साच्यातून काढला तेव्हा दगड दिसत होता, पाण्यात टाकल्यावर कडा बोटाने तुटायला लागल्या. मीठ जास्त, बांधणारा सिमेंट कमी.

दुसरा घाणा : सिमेंट १, चुरा २, खडे मीठ २. आधी सगळं कोरडंच मिसळलं, मग पाणी शिंपडत गेलो. मूठ वळली तर लाडू व्हावा पण बोटांतून पाणी सुटू नये, इतकंच ओलं. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात थापलं, मधे पीव्हीसी पाइपचे तुकडे खुपसून बोगदे ठेवले. तीन दिवस ओल्या गोणपाटाखाली, मग सिमेंटमधला चुना निघावा म्हणून पाण्याच्या पिंपात. सगळं मिळून ₹९०० च्या आत.

४ जुलै

उष्णता. मुंबईत रीफ टँक याच मुद्द्यावर टिकतो किंवा जातो, म्हणून दगड पिंपात असताना टँक साध्या पाण्याने भरून फक्त तापमानाच्या चाचण्या घेतल्या.

आधी आत किती उष्णता येते ते पाहिलं. रिटर्न पंप (फिल्टर कप्प्यातून पाणी परत टाकणारा) १२ वॅट, वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा) ६, स्किमर ५. लाइट ४० वॅट, पण दिवसातून ८ तास, म्हणजे सरासरी १३. एकूण ३६ वॅट. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता निघून जाते. दिवसाला एक लिटर म्हणजे सतत २८ वॅट. तेव्हा नुसती उपकरणांची उष्णता पंख्याने काढायची तर दिवसाला १.३ लिटर वाफ व्हायला हवी.

आता प्रत्यक्ष. खोली २९.५ अंश. थर्मामीटरच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळून पंख्यासमोर धरलं : २७.४. पंखा कितीही मोठा लावला तरी पाणी या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही, कारण हवाच वाफ घ्यायला तयार नसते. टँक पंख्यासह २८.६ वर थांबला, पंख्याशिवाय ३१ वर. 

जूनच्या सुरुवातीला, पावसाआधी, हीच चाचणी घेतली तेव्हा खोली ३३ आणि ओलं कापड २८.५ होतं. पहिला टँक मेमध्ये दोन पंख्यांवर का टिकला नाही ते इथे कळतं. पुण्यात किंवा नाशिकला कोरड्या उन्हाळ्यात पंखा उत्तम चालतो, तिथल्या लोकांचा सल्ला त्यांच्या हवेसाठी बरोबर आहे. मुंबईत तो थंडीपुरता.

पेल्टिअरचे (कॉम्प्रेसर नसलेले, विजेच्या चकतीवर चालणारे) छोटे कूलर इतक्या पाण्याला पुरत नाहीत, वीज खातात आणि एखाद-दुसरा अंश उतरवतात. १/१० एचपीचा कॉम्प्रेसरवाला चिलर घ्यायचं ठरलं. सेकंडहँड ₹११,०००. घेताना दोन गोष्टी पाहिल्या : आतली कॉइल टायटॅनियमची आहे का (तांब्याची असेल तर खाऱ्या पाण्यात उपयोग शून्य), आणि बादलीभर पाणी अर्ध्या तासात किती अंश उतरतं.

२१ जुलै

पाणी. समुद्राचं पाणी आणायचा विचारही नाही. किनाऱ्यालगत सांडपाणी येतं आणि पावसाळ्यात खारेपणा कोसळतो.

पालिकेचं पाणी मुळात मऊ. पण सोसायटीच्या टाकीत टँकरचं पाणी मिसळलं की चित्र बदलतं : एका दिवशी टीडीएस (विरघळलेले क्षार) ७०, टँकर येऊन गेल्यावर ४६०. म्हणून वापरायच्या आधी दर वेळी नळाचा आकडा बघायचा.

घरच्या आरओ मशिनचं पाणी जसंच्या तसं घेऊ नये. त्यात टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आणि मिनरल कार्ट्रिज वरून क्षार घालतं. दोन्ही वगळून मेम्ब्रेनच्या तोंडावरूनच वेगळी नळी घेतली, तिला डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची) दोन भांडी एकामागे एक जोडली. रेझिन आणि फिटिंग मिळून ₹२,८००.

मशिन बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार सारखे होत जातात, त्यामुळे सुरू केल्यावरचं पहिलं लिटर-दीड लिटर खराब येतं. ते रेझिनपर्यंत जाऊ न देता बाहेर काढायचं. नाहीतर रेझिन निम्म्या आयुष्यात संपतं. आणि मीटर शून्य दाखवतो म्हणून रेझिन ताजं आहे असं नाही. संपत आलेलं रेझिन सिलिकेट आधी सोडतं आणि ते टीडीएस मीटरला जवळपास दिसतच नाही. पहिल्या भांड्यानंतर मीटर १ वर गेला की ते काढायचं, दुसरं पुढे सरकवायचं.

एका लिटरमागे तीन-चार लिटर पाणी वाया जातं. ते लादी पुसायला आणि कपडे भिजवायला पिंपात साठवलं.

८ ऑगस्ट

दगडांचं पाणी दर चार-पाच दिवसांनी बदलत होतो. आज एक दगड आरओच्या पाण्यात रात्रभर ठेवला : पीएच ९.६. घाबरण्यासारखा आकडा, पण आरओच्या पाण्याला पीएच स्थिर धरणारा स्वतःचा बफर नसतो, चिमूटभर चुन्यानेही पीएच उडतो. तोच दगड १० लिटर खाऱ्या पाण्यात ठेवून पाहिला : ८.५. म्हणजे अजून एक आठवडा. व्हिनेगर टाकून घाई करता येते, पण त्याने कडा पोखरल्या जातात.

१६ ऑगस्ट

खाऱ्या पाण्यात पीएच ८.३. दगड टँकमध्ये, एकूण ९ किलो. आधी दगड थेट काचेवर टेकवले, मग वाळू ओतली. उलटं केलं तर वाळू उकरणारा प्राणी दगड पाडतो.

मीठ लिटरला ३८.५ ग्रॅम, एकूण ३ किलोपेक्षा थोडं जास्त. आधी पाणी, मग फिरत्या पाण्यात थोडं थोडं मीठ. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम कार्बोनेट साका होऊन तळाशी बसतं. नवी बादली उघडल्याबरोबर २-२ किलोच्या हवाबंद डब्यांत भरून ठेवली. जुलै-ऑगस्टच्या हवेत उघडी बादली आठवड्यात दगड होते, आणि ओलं झालेलं मीठ वजनावर मोजणं व्यर्थ.

खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावला तर ३५ ला चुकू शकतो. ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवलं की ते रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर ३५ पीपीटी दिसायला हवं. आमचा ३३ दाखवत होता. म्हणजे पहिल्या टँकचे सगळे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी होते, ३९ सुद्धा.

१८ ऑगस्ट

आता सायकल : प्राणी सोडण्याआधी टँकमध्ये अमोनिया घालून, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढवायचे. या अमोनियासाठी कोळंबी कुजवत ठेवायची नाही. त्यातून किती अमोनिया येईल ते कळत नाही आणि फॉस्फेट फुकट वाढतं. अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, पण प्रयोगशाळेच्या दर्जाचा. कल्हईवाल्यांच्या नवसागरात काय काय असेल सांगता येत नाही. १० ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवला. ८० लिटरला ५० मिली टाकलं की अमोनिया २ पीपीएम येतो. सोबत बाटलीतले जिवाणू.

२९ ऑगस्ट

अमोनिया जिथल्या तिथे, २ पीपीएम. नायट्राइट शून्य. बाटलीतले जिवाणू मेलेले असणार. बाटली दुकानात उन्हाच्या कपाटात होती. ₹१,४०० आणि अकरा दिवस गेले. तारखेपेक्षा साठवण कुठे केली ते दुकानात विचारावं.

तांबं कधीच न वापरलेल्या, वर्षानुवर्षं चालू असलेल्या टँकमधून फिल्टरच्या स्पंजचा तुकडा आणला. घासून नाही, नुसता पिळून टाकला आणि मग मागच्या कप्प्यात ठेवला. यात आयप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) येण्याचा धोका असतो, भिंग घेऊन तपासलं.

२१ सप्टेंबर

सायकल पूर्ण. मधे दोनदा ५०-५० मिली परत दिलं. काल सकाळी दिलेला २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य, नायट्राइटही शून्य. नायट्राइट असताना नायट्रेट किट फुगवून आकडा दाखवतं, म्हणून नायट्रेट आजच पहिल्यांदा मोजलं : २०. पाणी ६० लिटर बदललं. शिंपल्यांच्या चुऱ्यातून फॉस्फेट येईल या भीतीने फॉस्फेट रिमूव्हरही लावला.

७ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. चिलर कॅबिनेटमध्ये होता, दार बंद. टँक २७.८ आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. कॅबिनेटच्या आत थर्मामीटर ठेवला : ४१. स्वतःचीच गरम हवा परत ओढत होता.

चिलर बाहेर, खिडकीजवळ आणला. दोन मीटर नळी वाढली. तिच्यावर एसीच्या पाइपला लावतात ते काळं फोम चढवलं, नाहीतर दमट हवेत नळीला घाम सुटून लादी ओली होते. आता टँक २६ ± ०.३, चिलर दिवसात सुमारे ८ तास, १६० वॅट. महिन्याला ३८-४० युनिट.

टँकची सगळी वायरिंग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) घेतली. प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली झोळ दिला, म्हणजे ओघळ येणारं पाणी तिथेच गळून पडतं.

त्याच दिवशी ऑटो टॉप-अपचा (उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी कॅनमधून आपोआप भरणाऱ्या पंपाचा) हिशेब. भरणा न करता तीन दिवसांत ६ लिटर उडालं तर खारेपणा ३५ वरून ३७.८. पण सेन्सर अडकून पंप चालूच राहिला तर? २० लिटरचा कॅन पूर्ण रिकामा झाला की खारेपणा २८, सगळं संपलं. ५ लिटरचाच कॅन असेल तर ३२.९, प्राणी वाचतात. मोठा कॅन सोयीचा वाटतो, तरी ५ लिटरचाच ठेवला. नळीचं तोंड पाण्याच्या वर, नाहीतर सायफन उलटा लागून टँकचं पाणी कॅनमधून लादीवर.

२० ऑक्टोबर

वाळूवर आणि दगडांवर तपकिरी शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडे. रात्री कमी, दुपारी भरपूर. थोडं बरणीत घेऊन जोरात हलवलं, कॉफी फिल्टरमधून गाळलं आणि ते पाणी उजेडात ठेवलं. तासाभरात परत धागे जुळले. डायटम (साधं तपकिरी सूक्ष्म शैवाल) असते तर जुळले नसते. म्हणजे डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो : स्वतः हालचाल करणारे सूक्ष्मजीव.

नायट्रेट ०, फॉस्फेट ०. टँकमध्ये एकही मासा नाही, त्यावर ६० लिटर पाणी बदललं आणि वर रिमूव्हर. नव्या कोऱ्या दगडावर दुसरं काही वाढायला अन्नच उरलं नाही आणि मोकळी जागा यांनी घेतली. इथे आणखी सफाई करणं म्हणजे त्यांनाच मदत.

रिमूव्हर काढला. पाणी बदलणं बंद. पोटॅशियम नायट्रेट ०.६५ ग्रॅम, म्हणजे ८० लिटरला ५ पीपीएम नायट्रेट. शेतीतलं १३-०-४५ म्हणजे हेच, पण खताच्या गोणीतलं टँकमध्ये नको, शुद्ध घेतलं. फॉस्फेटसाठी रोज चिमूटभर फ्रोझन खाद्य. लाइट तीन दिवस पूर्ण बंद, ऍक्टिव्हेटेड कार्बन चालू, कारण काही डायनो विषारी असतात.

९ नोव्हेंबर

धागे गेले, त्यांच्या जागी आखूड हिरवं शेवाळ. चांगली खूण. नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५. सेरिथ गोगलगायी सोडल्या, दोन दिवसांनीही सगळ्या काचेवर. तांब्याचा प्रश्न संपला.

सोसायटीत पेस्ट कंट्रोलची नोटीस. पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाचा अंश कोळंबी-खेकड्यांना मारायला पुरतो आणि स्किमर तर खोलीतली हवा पाण्यात घुसळतो. आपल्या घरात फवारणीऐवजी जेल लावून घेतलं. जिन्यात फवारणी असताना दार बंद, स्किमर बंद, टँकवर ओलं कापड, वेव्हमेकर चालू. डासांचं लिक्विड मशिनही त्या खोलीत नाही.

२३ नोव्हेंबर

ओलं कापड २१ अंश. चिलर बंद, पंखा पुरेसा, टँक २५.५. वाफ मात्र दिवसाला दोन लिटर, ५ लिटरचा कॅन एक दिवसाआड भरावा लागतो.

झोअँथिड आणि मशरूमची कलमं दुसऱ्या एका छंदिष्टाच्या टँकमधून. आयोडीनच्या डिपमध्ये दहा मिनिटं, ते पाणी फेकून दिलं. झोअँथिडची कलमं ओल्या जागी चिकटत नाहीत : दगडाचा तेवढा भाग टिश्यूने टिपून जेल सुपरग्लू लावला. मशरूम गोंदाने धरत नाहीत, चुऱ्याच्या वाटीत जाळी लावून ठेवले. आठवड्याभरात स्वतःच पकड घेतात. लाइट ४० टक्क्यांवरच. मशरूम फुगून आडवे पसरले तर उजेड कमी आहे, आकसून वाटीसारखे झाले तर जास्त.

१५ डिसेंबर

जोडीचे क्लाउनफिश, टँकमध्ये पैदास झालेले. भारतात याचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसवलेलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण उरत नाही. महिनाभर ३० लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये ठेवले होते. औषध काय द्यायचं ते तिथेच. तिथली जाळी, नळी, बादली लाल टेप लावून वेगळी, मुख्य टँकजवळ येत नाहीत.

मुंबईत वीज क्वचित जाते, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सगळं शहर एकदम बंद पडलं होतं, आणि भरलेल्या टँकचा ऑक्सिजन काही तासांतच उतरायला लागतो. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप लावला. मेन स्विच पाडून रात्रभर चाचणी घेतली : सकाळीही चालू, मासे वरच्या थरात हापत नव्हते.

१८ जानेवारी

अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळण्याची क्षमता) ८.१ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, खारेपणा ३५. आठवड्याला ८ लिटर पाणी बदलणं पुरतं. कठीण प्रवाळ नसल्यामुळे वेगळं डोसिंग, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार वरून घालणं, लागत नाही. एका झोअँथिडच्या कलमावर चार तोंडं होती, आता नऊ.

एक त्रास बाकी आहे. थंडीत खिडक्या बंद राहतात आणि सकाळचा पीएच ७.८ वर जातो. स्वयंपाकघरात गॅस चालू असेल तेव्हा आणखी खाली. स्किमरची हवेची नळी खिडकीच्या फटीतून बाहेर नेली, पीएच ८.० झाला. जाळीच्या बाहेर नळीचं तोंड खाली वळवून स्पंज लावला आहे, पावसाळ्यात पाणी आत ओढलं जाऊ नये म्हणून. चिलर मार्चमध्ये परत लागेल, त्याआधी कॉइलमधून सायट्रिक ऍसिडचं पाणी फिरवून घ्यायचं आहे आणि पाठीमागच्या जाळीतली धूळ ब्रशने काढायची आहे.